कोरडा माणूस

हिवरदऱ्यात इंटरनेट आलं तेव्हा गावाने पहिला प्रश्न विचारला तो वेगाचा नव्हता. ते बंद कोण करणार, असा होता. बाहेरच्याला हा प्रश्न खुळचट वाटेल. पण पारनेर तालुक्यात ज्या गावांनी माळावर चर खणून आणि बांध घालून पाणी अडवलंय, तिथल्या माणसांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. पाणी आणायला सगळे एकत्र येतात, डोकी फुटतात ती आलेलं पाणी कोणी कुठे वळवायचं यावर. हिवरदऱ्यातही तलाव पहिल्यांदा भरला त्याच वर्षी दोघांना टाके पडले होते. मग शहाणपण सुचून गावाने एक रीत पाडली. तलावाच्या दाराची चावी ज्याच्याकडे राहील त्या पाटकऱ्याची तलावाखाली एक गुंठाही जमीन नसावी, आणि पाण्याची पाळी चालू असेपर्यंत त्याने गावात कुणाच्या घरचा चहा घेऊ नये. ज्याच्या हाती ससा तो पारधी, हे काही खोटं नाही. म्हणून गावाने ससाच अशाच्या हाती दिला, ज्याला सशात काडीचा रस नव्हता.

तो माणूस म्हणजे सत्तार शेख. त्याचा बाप कापूस पिंजायला म्हणून या गावात आला आणि इथलाच झाला. जमीन बापालाही नव्हती, सत्तारलाही नव्हती. उन्हाळ्यात लोकांच्या विहिरींचा गाळ काढायचा, हिवाळ्यात चारीवर फिरून पाणी सोडायचं, असं त्याचं आयुष्य चाललं होतं. पाळीच्या दिवसांत तो हातात कंदील घेऊन बांधावरून चालायचा तेव्हा पाटलाचं पोरही उठून उभं राहायचं. गरिबाला मान मिळाला की तो भाकरीपेक्षा गोड लागतो. सत्तारला तो फारच गोड लागायचा, हेही सांगून टाकलेलं बरं.

गाव दोन डोंगरांच्या बेचक्यात असल्यामुळे मोबाईलला रेंज नव्हती. फोन लावायचा तर वरच्या माळावर जायचं आणि तिथेही एका ठरावीक दगडावर उभं राहायचं. कंपन्यांना विचारलं तर त्या म्हणाल्या, तुमची घरं थोडी, टॉवर परवडत नाही. मग कल्याणने डोकं चालवलं. कल्याण गावातलाच, सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात यंत्रांची देखभाल करायचा. सुप्याहून डोंगरावरच्या खांबावर लाइन घ्यायची, तिथून वायर खाली आणायची आणि तिन्ही आळ्यांत वाय-फाय सोडायचं, अशी त्याची योजना. गावाच्या पाणी संस्थेने ती उचलून धरली. श्रमदानाने खांब उभे राहिले, नारळ फुटला. वरची आळी, मधली आळी, खालची आळी, सगळीकडे फोन टिणटिणू लागले.

पण लाइन होती बारीक. सकाळी ठीक चालायची, संध्याकाळी सगळं गाव एकदम बसलं की कुणालाच काही दिसायचं नाही. नुसतं गोल गोल फिरत राहायचं. म्हणजे पाळी लावणं आलं.

"बंद-चालू करायची गरजच न्हाई," कल्याण बैठकीत म्हणाला. "मशीनच वाटून देईल."

"मशीनला सांगनार कोन?" पुंजारामबाबांनी विचारलं. पाणी संस्था काढणाऱ्यांपैकी तेवढेच आता उरले होते.

"मी सांगीन की."

"आन तू कुठल्या आळीचा?"

कल्याण वरच्या आळीचा. तो खाली बसला.

मग पाण्याची रीतच इंटरनेटला लावायची ठरलं, आणि सत्तार त्या रीतीत चपखल बसला. त्याच्याकडे बटणांचा फोन होता, तोही माळावर गेला तरच उपयोगाचा. इंटरनेट गोड की खारट, त्याला ठाऊक नव्हतं. गावात एवढा कोरडा माणूस दुसरा नव्हता. संस्थेच्या खोलीत लोखंडी पेटी बसली, पेटीत तीन आळ्यांची तीन बटणं, पेटीला कुलूप आणि कुलपाची चावी सत्तारच्या बंडीत.

आणि खरं सांगायचं तर इतकं सुरळीत काहीच चाललं नसेल. संध्याकाळी सात ते आठ मधली आळी, आठ ते नऊ खालची, नऊ ते दहा वरची. क्रिकेटचं शेवटचं षटक चालू असताना सत्तारने वरच्या आळीचं बटण पाडलं होतं. पोरं रडकुंडीला आली, त्याने ढुंकून पाहिलं नाही. पाटकऱ्याने उसाची चव बघायची नसते.

एकदाच कसोटी आली. काकासाहेब सरपंच भाषण ठोकत असताना त्यांच्याखालची खुर्ची मोडली, ते आडवे झाले आणि आडवे झाल्यावरही माईकमध्ये बोलत राहिले. खालच्या आळीतल्या कुणीतरी ते फोनवर टिपलं. संध्याकाळी काकासाहेब संस्थेच्या खोलीत आले.

"सत्तारभाई, आजच्या दिस खालची आळी बंद ऱ्हाऊ दे. लाइनीत बिघाड झालाय म्हन."

"आठला त्यांची पाळी हाय."

"मला ठाव हाय ती. म्हनून तर आलो."

"मंग ठाव असून कशाला इचारता, सरपंच?"

आठला खालची आळी उघडली आणि काकासाहेब साऱ्या तालुक्यात आडवे झाले. त्यांनी सत्तारला पुढे कधी काही म्हटलं नाही. पण राजकारणातली माणसं विसरत नसतात, ती फक्त थांबतात.

आता सत्तारच्या घरात डोकवायला हवं, कारण गावाच्या न्यायाचं भाडं तिथून दिलं जात होतं.

त्याची बायको मेहताबबी. फार वर्षांपूर्वी बांधाखालचा एक तुकडा त्यांना मिळत होता. मालक पुण्याला निघाला होता, जमीन कसायला सत्तारच्या हवाली करतो म्हणत होता. सत्तारने नको म्हटलं. जमीन आली की चावी गेली. मेहताबबीला तिथे निदान मेथीचा एक वाफा करायचा होता. ती भाजी आयुष्यभर दुसऱ्यांच्या बांधावरून मागून आणत राहिली. मुलीचं, मुबश्शिराचं, लग्न झालं तेव्हा पाण्याची पाळी चालू होती म्हणून सत्तारने व्याह्यांसाठी शेजारच्या घरी केलेल्या चहाला हात लावला नाही. व्याही नगरचे, सावेडीत राहणारे. त्यांना ते अपमानासारखं लागलं, आणि ते निस्तरलं मेहताबबीने. सत्तार प्रामाणिक होता यात शंकाच नाही. पण त्याच्या प्रामाणिकपणाची निम्मी उपासमार बायको काढत होती, आणि हे गावाला दिसत नव्हतं, सत्तारला तर मुळीच नाही.

मुबश्शिरा नवऱ्याबरोबर मस्कतला गेली. अझीमची तिथे नोकरी होती. तिथे तिला मुलगी झाली, मारिया. मेहताबबीने सावेडीला जाऊन विहिणीच्या फोनवर नात पहिल्यांदा पाहिली. फोनभोवती घरातली सगळी माणसं, मुलगी झोपलेली, दिसला तो एक कान आणि दुपट्याची कड. त्यावरही ती खूश होऊन परत आली. काही महिन्यांनी ती पुन्हा गेली. या वेळी मारिया जागी होती. दादीचा चेहरा पडद्यावर दिसताच ती खिदळली, हात नाचवू लागली. मग विहिणीने फोन मेहताबबीकडे वळवला. मारियाने तिच्याकडे पाहिलं, ओठ काढले आणि आईच्या खांद्यात तोंड खुपसून रडायला लागली.

"नवा चेहरा हाय ना," विहीण म्हणाली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं.

एसटीतून येताना मेहताबबी खिडकीबाहेर बघत बसली. दादी रोज दिसते म्हणून ती दादी. नानी कधीमधी दिसते म्हणून ती परकी. महिन्या-दोन महिन्यांनी सावेडीला जाऊन पाहिलेली नात ओळख धरणार नाही, आणि एकदा मोठी झाल्यावर धरली तरी ती ओळख पाहुण्याची असेल. हे तिला त्या प्रवासात लख्ख कळलं.

शेजारच्या विजयमालाने लगेच तोड काढली. "चाची, माझ्या फोनवर बघा की. सातला आपली पाळी असती, रोज या."

मेहताबबीने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा सत्तार भाकरी मोडत होता. तो थांबला.

"इजयमालाच्या फोनवर नात बघितली म्हंजी तिच्या घरचा चहा पिला."

"मी पिनार हाय, तुमी न्हाई."

"एकच हाय त्ये."

"एकच कसं वो? पानी तुमी सोडता, तान मला लागती."

सत्तार पुन्हा भाकरी मोडू लागला. उद्या मधल्या आळीची पाळी पाच मिनिटं जास्त गेली तर खालची आळी काय म्हणेल, याचा तो विचार करत होता. मेहताबबी मात्र भांडली नाही. ती भांडली असती तर निभावलं असतं. ती गप्प राहिली, आणि पुढच्या खेपेला सावेडीहून येताना मस्कतहून कुणाबरोबर तरी आलेला फोन घेऊन आली. घरात शिरली, फोन मांडणीवर पिठाच्या डब्याशेजारी ठेवला आणि पदर खोचून म्हणाली,

"ह्यो माझा हाय. तुमच्या चावीला ह्याची अडचन हुत असंल तर ती तुमची अडचन."

संसारात इतक्या वर्षांत ती त्याला असं कधी बोलली नव्हती. सत्तारला राग यायला हवा होता. त्याला आली ती भीती.

विजयमालाने फोन जोडून दिला. रोज सातला सत्तार संस्थेच्या खोलीत मधल्या आळीचं बटण उघडायचा आणि तिथेच पाठ टेकून बसायचा, आठ होईपर्यंत घराकडे फिरकायचा नाही. आपण पाहत नाही म्हणजे आपलं शेत कोरडं आहे, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. गाव गालातल्या गालात हसत होतं. पाटकऱ्याच्या घरी फोन आल्याचं माहीत नाही असं एक घर नव्हतं, पण कुणी चकार शब्द काढला नाही.

इकडे मारिया रडायची थांबली होती. आधी ती मेहताबबीकडे नुसती टक लावून बघायची, मग तिच्या नथीकडे बोट दाखवायला लागली. मेहताबबी कणीक मळतानाही आता गाणं म्हणायची. सत्तार ते ऐकायचा आणि काही विचारायचा नाही.

मग थंडीचे दिवस आले. एका संध्याकाळी मधली आळी उघडून सत्तार घोंगडी न्यायला घरी आला. मेहताबबी चुलीपाशी होती, फोन तिच्या हातात, आणि चुलीवर दूध वर येत होतं.

"धरा, धरा हे!" तिने फोन त्याच्या हातात कोंबला आणि ती पातेल्याकडे धावली.

सत्तारने फोन धरला. पडद्यावर दोन दात आलेली एक मुलगी होती. तिने त्याची पांढरी दाढी पाहिली, डोळे मोठे केले आणि ती ओढायला हात पुढे केला. हाताला दाढी लागेना, तेव्हा ती चिडली. पुन्हा हात पुढे केला. ज्याने शेवटच्या षटकात बटण पाडलं होतं त्याच सत्तारने आपली हनुवटी पुढे केली. मुलगी हसली. मागून मुबश्शिराचा आवाज आला, "अब्बा? अब्बा, तुमी?" सत्तार फोन धरून चुलीपाशीच खाली बसला आणि बसूनच राहिला.

दारात कुणीतरी खाकरलं तेव्हा तो भानावर आला. खालच्या आळीची चार माणसं अंगणात उभी होती, पुढे पुंजारामबाबा. आठ वाजून गेले होते. फार नाही, चहाचं आधण यावं एवढंच. पण सत्तारच्या हातून पाळीला उशीर आजवर कधी झाला नव्हता. तो फोन हातात घेऊनच धडपडत उठला.

"असूं दे, सत्तारभाई," पुंजारामबाबा हसून म्हणाले. "नात हाय. बघ निवांत."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती माफी सत्तारला झोंबली.

दुसऱ्या दिवशी काकासाहेब वाटेत भेटले. त्यांनी सत्तारच्या खांद्यावर हात ठेवला. याआधी तो हात तिथे कधी आला नव्हता.

"लई बरं वाटलं बघ. आता तू आमच्यातला झालास. मानसाला नातीगोती असायाच पायजेत." थोडं चालून ते म्हणाले, "त्ये पंधरा दिसांनी निवडनुकीचं हाय. तवा आमच्या आळीला एखांद दिस जरा जास्त लागंल. बोलू आपुन."

सत्तारने मान हलवली नाही, पण नाहीही म्हटलं नाही. आणि आपण नाही म्हटलं नाही हे घरी येईपर्यंत त्याच्या मनात घोळत राहिलं. कुंपण शेत खातं तेव्हा पहिला घास असाच असतो. त्याला स्वतःची लाज वाटली, स्पष्ट आणि पुरती.

पुढच्या ग्रामसभेत त्याने चावी टेबलावर ठेवली.

"माजं शेत ओलं झालं," तो म्हणाला. "दुसरा बगा."

सभेत कुजबुज झाली. कल्याण उठला. "चाचा, येवढंच ना? तुमच्या घरासाठी पेटीत चौथं बटन टाकतो. तुमची लाइन कायम चालू. मंग पाळीचा आन तुमचा संबंधच न्हाई." पोराने हे मनापासून म्हटलं होतं. ज्याच्या हाती चावी त्याच्या घरी बारमाही पाणी, असा त्याचा अर्थ होतो हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. पुंजारामबाबांनी नुसता हात हलवून त्याला बसवलं.

मग कोरड्या माणसाचा शोध सुरू झाला. ज्याच्याकडे फोन नाही, ज्याला फोन लागत नाही, असा कोण? एकेक नाव निघायचं आणि गळायचं. कुणीतरी कडूबाई म्हणालं. नव्वदीची म्हातारी, तिला काय करायचंय इंटरनेट? तर तिचा नातू घाईघाईने उठून म्हणाला की आजी रोज कीर्तनं बघते, आणि बंद पडलं की त्याला काठीने मारते. सभा हसली. पण हसता हसता सगळ्यांच्या लक्षात आलं की गावात कोरडं कुणी उरलंच नाही.

काकासाहेब याचीच वाट पाहत होते. त्यांनी खिशातून एक रंगीत पत्रक काढलं. पुण्याची एक कंपनी. पेटी तिची, खांब तिचे, दुरुस्ती तिची, लाइन जाडजूड, आणि सगळं फुकट. पाळी लावायला माणूसच नको, कुणाला किती द्यायचं ते तिचं मशीन आपोआप ठरवणार.

"आन आपल्या रीतीतबी बसतंय," काकासाहेब म्हणाले. "ह्या कंपनीचा आपल्या गावात एक गुंठा न्हाई. तिच्यापरास कोरडं कोन घावनार?"

लोकांना हे एकदम पटलं. इतकी वर्षं ते हाच नियम पाळत आले होते, आणि तो इतका नेमका लागू पडलेला पाहून त्यांना समाधानच वाटलं. पुंजारामबाबांनी एकट्यांनी विचारलं, "शेत न्हाई म्हनता, मंग तिचं पोट कशावं भरतं?"

"ते तिचं ती बघंल. आपल्याला काय करायचंय?"

आवळा देऊन कोहळा काढतात हे या गावातलं शेंबडं पोरही जाणतं. पण आवळा फुकट असला की कोहळ्याची आठवण कुणी काढत नाही.

त्या वेळी बायकांच्या बाजूने मेहताबबी उभी राहिली. ती सभेत कधी बोलत नसे, म्हणून तिला बोलायला जागा आपोआप मिळाली.

"म्या एक इचारते. तुमाला कोरडं मानूस पायजे, म्हनून ह्या मानसाला जलमभर कोरडं ठिवलं. त्याच्यासंगं मला ठिवलं. तुमच्या मळ्यात पानी खेळलं, आमच्या दारात मेथीबी उगावली न्हाई. आमी बोललो न्हाई. आता कोरडं कोन गावत न्हाई म्हनता. तर मंग पाळी लावा की. पान्याची पाळी लावता, कोरडं ऱ्हायाची लावा. एक महिना एका घरानं फोन पेटीत ठिवायचे, चावी घ्यायची आन गावाला नीट वाटायचं. पुढल्या महिन्यात दुसऱ्या घरानं. सगळ्यांनी थोडं थोडं कोरडं व्हायचं. परक्याला कशाला बलावता?"

पुंजारामबाबा तिच्याकडे बघतच राहिले. गावाने रीत पाडली तेव्हा हे कुणाला सुचलं नव्हतं. आणि ते चुकीचं आहे असं एकालाही म्हणता येईना.

"बराबर हाय," अखेर कुणीतरी म्हणालं. "पर पहिला महिना कुनाचा?"

विजयमालाने हात अर्धा वर केला. तिची मुलगी राजेश्वरी पोलीस भरतीचा अभ्यास फोनवर करायची. तिने आईचा हात धरून खाली घेतला. कल्याणने छपराकडे पाहिलं. कुणाचं दूध डेअरीला जायचं, त्याची पावती फोनवर यायची, कुणाचा मुलगा फौजेत होता. प्रत्येकाचं कारण खरं होतं. हिवरदऱ्यात त्या दिवशी एकही खोटं कारण सांगितलं गेलं नाही, हे नमूद करायला हवं.

"सत्तारभाईला सवय हाय," मागून आवाज आला. "पहिला महिना त्येंचाच धरा."

लोक हसले आणि सगळ्या माना सत्तारकडे वळल्या. हातात कंदील घेऊन बांधावर चालणारा सत्तार त्यांना ठाऊक होता. तो हात वर करणार याची त्यांना खात्री होती. त्याने केला असता तर दुसऱ्या महिन्याला कदाचित विजयमालाने केला असता, तिसऱ्याला शरमेने का होईना कल्याणने. मेहताबबीने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती टेबलावरच्या चावीकडे बघत होती.

सत्तारला एक महिना दिसत होता. महिन्यात मुलं विसरतात. हनुवटीकडे झेपावणारा हात महिन्यानंतर आईच्या खांद्याकडे वळला असता.

त्याचा हात मांडीवर होता, तिथेच राहिला.

मेहताबबी खाली बसली. ती सुटली की हरली हे तिलाही सांगता आलं नसतं. मग कंपनीसाठी हात वर करायला सांगितले आणि हात झरझर वर गेले. पुंजारामबाबा उठून लघवीला म्हणून बाहेर गेले, ते सभा संपेपर्यंत आले नाहीत.

कंपनीची पेटी पांढरी, गुळगुळीत होती. तिला बटण नव्हतं आणि कुलूपही नव्हतं. काम खरोखर चांगलं झालं. लाइन वेगाने पळायला लागली, पाळी गेली, संध्याकाळचा थांबा गेला. क्रिकेटचं शेवटचं षटक पोरांनी पोटभर पाहिलं. टेबलावरची चावी कुणी उचलली नाही म्हणून सत्तारने ती पुन्हा बंडीत टाकली होती; काही दिवस काढली नाही आणि मग काढली. तलावाचं पाणी सोडायचं काम तेवढं त्याच्याकडे राहिलं. दुपारी तो आता विजयमालाकडे चहाही प्यायचा, आणि तो चहा चांगला लागतो हे कबूल करायचा.

थोड्या महिन्यांनी मात्र काहीतरी बदललं. नेमकं काय ते कुणाला बोट ठेवून दाखवता येईना. जाहिराती झरकन उघडायच्या, डेअरीची पावती अडकायची. कंपनीचे स्वतःचे सिनेमे लोण्यासारखे चालायचे, मस्कतचा फोन तुटायचा. सगळ्यांचं सारखंच असंही नव्हतं. आज एकाचं, उद्या दुसऱ्याचं. काकासाहेबांनी कंपनीच्या नंबरावर फोन लावला, तर एका बाईच्या आवाजाने त्यांना एक दाबायला सांगितलं, मग दोन, मग धन्यवाद दिले. सरपंचाला वाट बघायला लावणारं माणूस गावात आजवर जन्मलं नव्हतं.

त्या दिवशी ऊन उतरल्यावर मेहताबबी ओट्यावर फोन घेऊन बसली होती. सत्तार तिच्या खांद्यावरून बघत होता. मारिया आता उभी राहायला लागली होती. तिच्या हातात बिस्किट होतं. तिने ते एकदा चाटलं, विचार केला, आणि पडद्याकडे हात लांब करून म्हणाली, "नानी."

पहिल्यांदाच. मेहताबबीने खायला तोंड उघडलं. आणि चित्र थांबलं. बिस्किट धरलेला तो हात तसाच राहिला, वर गोल गोल फिरायला लागलं.

मेहताबबी तोंड उघडं ठेवून वाट पाहत राहिली. मग तिने तोंड मिटलं.

"अहो, जावा की," ती म्हणाली. "उगडा."

सत्तार सवयीने उठला. त्याने चपला घातल्या, अंगणात आला आणि थांबला. वरच्या आळीतून गाण्याचा आवाज येत होता, तिथे कुणाचं तरी अगदी व्यवस्थित चाललं होतं. संस्थेच्या खोलीवर त्या पांढऱ्या पेटीचा हिरवा दिवा लागलेला इथूनही दिसत होता.

"आत्ता कुनाची पाळी हाय?" मेहताबबीने विचारलं.

"ठाव न्हाई."

"मंग इचारून या कुनाला तरी."

इतकी वर्षं लोक भांडायला त्याच्या अंगणात नाहीतर संस्थेच्या खोलीत यायचे. क्रिकेटवाली पोरं आली होती, सरपंच आला होता, खालच्या आळीची माणसं आली होती. सत्तारला जायला एक अंगण सुचेना.

"कुनाला?" त्याने विचारलं, आणि तो चपला घालून तसाच उभा राहिला.